बावन्न कुठून आले

अतिदक्षता विभागात तिला सगळे हळूबाई म्हणत. तोंडावर नव्हे, पण फार पाठीमागेही नव्हे. औषधांच्या खोलीत ती उभी असली, की पार्टिशनच्या पलीकडून एखादी सिस्टर दुसरीला सांगायची, हळूबाईंना विचार गं, पोटॅशियम किती वेगाने सोडायचं. हळूबाई इकडूनच उत्तर द्यायची, आणि ते इतकं हळू, की ऐकायला कुणाला तरी पार्टिशन ओलांडून यावंच लागायचं.

वय अडतीस. त्यातली बारा वर्षं थोरल्या भावाच्या औषधांच्या दुकानात, काउंटरमागच्या उंच स्टुलावर गेलेली. दुकानात डॉक्टरची चिठ्ठी म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. चिठ्ठीत चूक दिसली तर दादा फोन लावायचा, पण असा, की चूक जशी आपल्याच डोळ्यांची आहे. म्हणायचा, सर, अक्षर जरा लागत नाहीये. तिचा आवाज तिथेच घडला, गिऱ्हाईकाला ऐकू जाईल आणि डॉक्टरला लागणार नाही एवढा. एकदा दोन डॉक्टरांच्या दोन चिठ्ठ्या घेऊन एक म्हातारा आला. दोन्ही गोळ्या रक्त पातळ करणाऱ्या. तिने सांगितलं, काका, या दोन्ही एकत्र घेऊ नका, आधी विचारून या. वर पंखा गरगरत होता, काकांचा एक कान तसाही कामातून गेलेला. काका मान हलवून गेले आणि दहाव्या दिवशी पोटात रक्तस्राव होऊन इस्पितळात पडले. वाचले बिचारे. पण तिच्या मनातून ते गेले नाहीत. आपण बोललो होतो, हे खरंच होतं. ऐकू गेलं नव्हतं, हेही तितकंच खरं.

त्यानंतर तिने पुन्हा पुस्तकं काढली. मुलगी तेव्हा पहिलीत होती. दोघी एकाच टेबलावर अभ्यासाला बसायच्या आणि कुणाचं आधी पाठ होतं यावर पैज लावायच्या. मग मोठ्या इस्पितळातली नोकरी, मग फार्मासिस्टांसाठीच्या रेसिडेन्सीचं, म्हणजे काम करता करता शिकण्याचं, पहिलं वर्ष, सगळ्या वॉर्डांत फिरण्याचं. आता हे दुसरं, वरच्या पायरीचं वर्ष फक्त अतिदक्षता विभागात. अख्ख्या इस्पितळात या वर्षाला जागा एकच. दादा म्हणाला होता, जा, पण स्टूल मी काढत नाहीये. तो प्रेमानेच म्हणाला होता, आणि तिला ते जिव्हारी लागलं होतं.

तिथे तिला शिकवणाऱ्या बाई म्हणजे विभागाच्या मुख्य फार्मासिस्ट. सडपातळ, पांढऱ्या केसांच्या, सगळे त्यांना नुसतं मॅडम म्हणायचे. त्यांची एक रीत होती. शिकणाऱ्याने दिलेला प्रत्येक सल्ला वहीत लिहायचा. कुठल्या खाटेवरच्या पेशंटला, कुठलं औषध, किती, आणि का. सल्ला चुकला, तर तोच सल्ला खाली लाल शाईने पुन्हा लिहायचा, आपल्याच हाताने, कुठे चुकलं त्यासकट. आणि शुक्रवारी दुपारी डॉक्टर, सिस्टर, सगळ्यांसमोर उभं राहून वाचायचा. मॅडमच्या स्वतःच्या जुन्या वह्या कपाटात होत्या. कुणीही काढून बघाव्यात. त्यांत लाल रंग भरपूर होता.

तीन महिने झाल्यावर मॅडमने तिची वही उघडली, पानं उलटली आणि मिटली.

"तुमची वही स्वच्छ आहे," त्या म्हणाल्या. "फार स्वच्छ. न बोलणाऱ्याची वही स्वच्छच राहते."

मग त्यांनी सरळच सांगितलं. हिशेब तुमचे अचूक असतात, पण ते तुमच्याच खिशात राहतात. राउंड संपल्यावर सिस्टरच्या कानात सांगून उपयोग नाही. राउंडला, खाटेशी, मोठ्या डॉक्टरांच्या तोंडावर बोलता आलं पाहिजे. सहा आठवडे देते. नाही जमलं, तर ही जागा दुसऱ्या कुणाला द्यावी लागेल.

चार आठवडे असेच गेले. ती रोज घरून ठरवून निघायची आणि आठच्या राउंडला तिची दातखीळ बसायची. मोठे डॉक्टर वाईट माणूस नव्हते, पण घाईत असायचे. आठ म्हणजे आठ. सात मिनिटांत एक खाट. वाक्य मनात जुळवेपर्यंत सगळा जथा पुढच्या खाटेशी पोचलेला असायचा.

पाचव्या आठवड्यातल्या मंगळवारी मात्र तिच्या हातात बावन्न होते.

सहा नंबरच्या खाटेवर शाळेची बस चालवणारा माणूस होता. पंचेचाळिशीचा. न्यूमोनिया झाला, छातीत पू साठला, तो नळी घालून काढला, तरी जंतू रक्तात उतरलेच. आठ दिवस व्हेंटिलेटरवर. या जंतूंवर चालणारं औषध त्याला चोवीस तास पंपाने थेंबथेंब जात होतं. औषध गुणी, पण तिरसट. रक्तात त्याचं माप वीस ते पंचवीसच्या मध्ये राहिलं पाहिजे. कमी पडलं तर जंतू माजतात, जास्त झालं तर किडनी जाते. म्हणून दर दोन दिवसांनी पहाटे पाचला रक्त तपासायचं आणि पंपाचा वेग ठरवायचा. हे काम हळूबाईचं. रविवारी तेवीस आले होते. मंगळवारी सकाळी आठला सात मिनिटं कमी असताना कॉम्प्युटरवर आकडा उमटला. बावन्न.

तिने नाव आणि खाटेचा नंबर पुन्हा वाचला. आणि, खोटं कशाला सांगा, आतून आनंदाची एक उकळीही फुटली. आज बोलायला काहीतरी होतं.

मॅडम त्या सकाळी औषध समितीच्या बैठकीला गेल्या होत्या. सहा नंबरशी राउंड आला. मोठे डॉक्टर म्हणाले, ताप उतरतोय, गाडी रुळावर येतेय, आहे तेच चालू ठेवा. जथा वळलाच होता.

"सर, औषध बंद करायला हवं," हळूबाई म्हणाली.

मोठे डॉक्टर थांबले. आपण नक्की कुणाचा आवाज ऐकला, अशा नजरेने त्यांनी आधी सिस्टरकडे पाहिलं. हळूबाईने बावन्नचा कागद पुढे केला. ते म्हणाले, जंतू आत्ता कुठे माघार घेतायत, आणि अशा वेळी हत्यार खाली ठेवायचं? ती म्हणाली, चालू ठेवलं तर किडनी जाईल, आणि किडनी गेली तर उद्या कुठलंच हत्यार उचलता येणार नाही. ते म्हणाले, अर्ध्यावर आणू. ती म्हणाली, बावन्नचं अर्धं करायलाही वेळ लागेल. चोवीस तास पूर्ण बंद, उद्या पहाटे पुन्हा तपासू. तिचा आवाज कापत होता, पण ऐकू येत होता. दोन्ही शिकाऊ डॉक्टर, सिस्टर, श्वासाच्या व्यायामाची बाई, सगळे तिच्याकडे बघत होते.

"तुमची खात्री आहे?"

"हो, सर."

"ठीक. तुमच्या शब्दावर बंद करतो."

तुमच्या शब्दावर. दिवसभर ते दोन शब्द ती जिभेखाली ठेवलेल्या गोळीसारखे चघळत राहिली. बाहेर बाकावर बसवाल्याची थोरली बहीण बसलेली असायची. शिवणकाम करणारी बाई, हातात कायम काहीतरी टाके घालायला. रोज विचारायची, आज काय वाढलं, काय कमी झालं. त्या दिवशी हळूबाई तिच्याकडे बघून मोकळी हसली आणि म्हणाली, आज एक औषध कमी केलंय. बहिणीला वाटलं, भाऊ बरा होतोय. तिने सुई दातांत धरून हात जोडले.

दुपारी मॅडम आल्या, त्यांनी वही वाचली. फक्त विचारलं, "नमुना कुठून काढला होता?"

"रोजच्याच जागेहून, मनगटातून."

मॅडमने मान हलवली. एवढंच घडलं. पण हळूबाईने हे कुणाला विचारलं नव्हतं. रोज मनगटातल्या नळीतूनच रक्त काढतात, म्हणून आजही तिथूनच काढलं असणार, हे तिने धरून चाललं. आणि धरून चाललेलं पाहिल्यासारखं सांगितलं.

संध्याकाळी घरी नवऱ्याने तिचा चेहरा पाहूनच ओळखलं. तो लिफ्ट दुरुस्त करायचा. म्हणाला, आमच्या लिफ्टमध्ये वजन जास्त झालं की ती स्वतःच ओरडते, माणूस ठेवावा लागत नाही. तुला एवढे महिने का लागले? मुलीने मोठ्या डॉक्टरांचं सोंग घेतलं आणि आईला पुन्हा ते सगळं बोलायला लावलं. दादाचा फोन आला, त्यालाही ऐकवलं. पलीकडून दादा म्हणाला, म्हणजे स्टूल विकायला काढू? ती पोटभर हसली. त्या रात्री बऱ्याच दिवसांनी तिला गाढ झोप लागली.

बुधवारी सकाळी ती सातला पोचली, तेव्हा सहा नंबरशी तीन माणसं होती. एका खाटेशी सकाळी सातला तीन माणसं म्हणजे काय, ते तिला आता कळत होतं. ताप एकशेतीनवर. रक्तदाब पहाटेपासून ढासळलेला. तो धरून ठेवणाऱ्या औषधाचा पंप पुन्हा लावला होता आणि तो ताशी अठरा मिलीवर होता. काल ही जागा रिकामी होती.

तिने कॉम्प्युटर उघडला. पहाटेच्या रक्तातला औषधाचा आकडा आला होता. सहा.

बावन्नचे एका दिवसात सहा. ती खुर्चीत बसली. कागद ओढला. बसवाल्याची किडनी किती वेगाने हे औषध बाहेर टाकते, हे तिला पाठ होतं. आठ दिवस तेच मोजत होती. दहा तासांत निम्मं. बावन्नचे दहा तासांत सव्वीस, आणि बंद केल्यापासून पहाटे पाचपर्यंतच्या वीसेक तासांत तेरा. तेरा यायला हवे होते. आले सहा. किडनी एका रात्रीत दीडपट वेगाने धावायला लागली म्हणावं, तर लघवी तेवढीच, किडनीच्या तपासणीचा आकडाही कालचाच.

मग तिने हिशेब उलटा केला. सहाच्या आधी दहा तास, बारा. त्याच्या आधी दहा तास, चोवीस.

चोवीस. वीस आणि पंचवीसच्या मध्ये, जिथे असायला हवं होतं तिथेच. काल सकाळी त्याच्या रक्तात बावन्न कधी नव्हतेच. औषध अगदी मापात होतं आणि तिने ते बंद करायला लावलं होतं.

ती उठून खाटेशी गेली. तिने चादर बाजूला करून मनगट पाहिलं. मनगटावर नुसती पट्टी होती. नळी नव्हती.

रात्रपाळीची नवी सिस्टर घरी जायच्या तयारीत होती, खांद्याला पर्स अडकवलेली. नोकरीला चौथा महिना. हळूबाईने तिला औषधांच्या खोलीत नेलं आणि विचारलं, परवाच्या रात्री ड्यूटी तुझीच होती ना, मनगटातली नळी कधी काढली? ती म्हणाली, पहाटे चारला, तुंबली होती. मग पाचचं रक्त कुठून काढलंस? मानेतल्या मोठ्या नळीतून, ताई. त्या नळीला तीन तोंडं असतात. एकातून झोपेचं औषध चाललं होतं, एकातून पोषणाचं. म्हणून तिसऱ्यातून काढलं, पंप मिनिटभर थांबवून, सलाइनने धुऊन.

तिसऱ्या तोंडातून काय चाललं होतं, हे हळूबाईला विचारावं लागलं नाही. त्याच औषधाचा पंप. नळी कितीही धुतली तरी तिच्या भिंतींना औषध चिकटून राहतं. कॉम्प्युटरने मोजलं ते बसवाल्याच्या अंगातलं नव्हतं, नळीतलं होतं.

नव्या सिस्टरच्या लक्षात आलं. पर्सचा पट्टा मुठीत धरून म्हणाली, "ताई, माझं नाव सांगणार?"

हळूबाईला स्वतःलाच माहीत नव्हतं. घड्याळात साडेसात झाले होते. मनात एक बारीक आवाज होता, अगदी ओळखीचा, दुकानातला. चूक सिस्टरची. तू आकड्यावर बोललीस, आकडा खोटा निघाला, तुझा काय दोष? आणि त्याहून बारीक दुसरा आवाज होता. काही बोलूच नकोस. आता ताप आलाय, डॉक्टर आपणच औषध पुन्हा सुरू करतील. कालच्या बावन्नची चौकशी कोण करतंय?

पण वहीच्या पहिल्या पानावर, पहिल्या दिवशी, मॅडमने सांगितलं म्हणून तिने स्वतःच्या अक्षरात लिहिलेलं होतं. आकड्यावर विश्वास ठेवण्याआधी विचारा, रक्त कुठून काढलं. सिस्टरने विचारायचं नव्हतं ते. हिने विचारायचं होतं.

तिने नव्या सिस्टरला एवढंच सांगितलं, अजून पाच मिनिटं थांब, मला उजव्या दंडातून ताजं रक्त काढून दे, मी शेजारी उभी राहते. रक्त निघालं, नळीवर तिने जागा आणि वेळ लिहिली आणि तपासायला पाठवून दिलं. मग ती मॅडमच्या टेबलाशी गेली.

"मॅडम, काल तुम्ही विचारलंत नमुना कुठून काढला. मी मनगटातून म्हणाले. मी कुणाला विचारलं नव्हतं."

मॅडमने चष्मा काढला. हळूबाईने उलटा हिशेब पुढे ठेवला. सहा, बारा, चोवीस. मॅडमनी तो एकदा वरून खाली आणि एकदा खालून वर वाचला. आठला दोन मिनिटं कमी होती. त्यांनी विचारलं, राउंडला मी बोलू की तुम्ही? हळूबाई म्हणाली, मी. मॅडम म्हणाल्या, मग चला.

मोठे डॉक्टर त्या दिवशी थेट सहा नंबरवर आले. त्यांनी रात्रभराचे आकडे ऐकले, छातीचा नवा एक्सरे खिडकीच्या उजेडात धरला आणि वेळ न घालवता निर्णय दिला. औषध कुचकामी ठरलंय. चार दिवस मापात, काल तर मापाच्या दुप्पट असूनही जंतू उसळले, म्हणजे आत कुठेतरी पू दडून बसलाय. नऊला ऑपरेशन थिएटर, छाती उघडून बघू. भूल देणारे डॉक्टर शेजारीच होते. ते हळूच म्हणाले, हा रक्तदाब घेऊन टेबलावर नेलं तर परत आणायची हमी मी देणार नाही. मोठे डॉक्टर म्हणाले, न नेलं तरी हमी कोण देतंय?

थिएटरच्या माणसाला फोन लावायला शिकाऊ डॉक्टर वळला.

"फोन लावू नका," हळूबाई म्हणाली. तो जागच्या जागी थांबला. स्वतःच्या आवाजाने तीही दचकली. "सर, औषध कुचकामी ठरलेलं नाही. ते काल सकाळपासून बंद आहे आणि बंद करायला नको होतं. बावन्न चुकीचे होते. रक्त औषधाच्याच नळीतून आलं होतं आणि ते कुठून आलं, हे मी विचारलं नव्हतं. मॅडमनी विचारलं, तेव्हाही न बघता उत्तर दिलं. चूक माझी आहे."

मोठे डॉक्टर तापट नव्हते, आणि म्हणूनच त्यांचा राग भयंकर असायचा. व्हेंटिलेटरचा भाता चार वेळा वर गेला, खाली आला.

"काल तुम्ही याच जागी उभ्या राहून म्हणालात, खात्री आहे. आज मी तुमचं का ऐकू?"

"माझं ऐकू नका, सर. हा हिशेब बघा. आत्ता साडेसातला दंडातून दुसरं रक्त काढलंय, मी समोर उभी होते. दहा मिनिटांत आकडा येईल. चोवीसपासूनच उतरलंय असं माझं म्हणणं आहे, म्हणजे आता पाच-सहा यायला हवेत. तसं नसेल, तर न्या त्यांना थिएटरला."

ती दहा मिनिटं सगळा जथा सहा नंबरशीच उभा राहिला. सात मिनिटांत एक खाट हा नियम पहिल्यांदाच मोडला असावा. मोठ्या सिस्टर उगाचच चादरीची घडी सारखी करत राहिल्या. कॉम्प्युटरवर आकडा उमटला, तो मॅडमनी वाचला. साडेपाच.

मोठ्या डॉक्टरांनी हिशेबाचा कागद हातात घेतला आणि बराच वेळ पाहिला. मग विचारलं, किती द्यायचं? हळूबाईने सांगितलं, एकदम भरायचा डोस एवढा, दीड तासात, आणि मागोमाग पंप पूर्वीच्याच वेगाने. मॅडमनी तो हिशेब तिच्याकडे न बघता वेगळा करून पाहिला. आकडा तोच आला.

"बारापर्यंत," मोठे डॉक्टर म्हणाले. रक्तदाबाचा पंप बाराच्या आत ताशी पंचवीसच्या वर गेला, तर मी कुणाचंही ऐकणार नाही, थिएटर. आणि जाता जाता तिच्याकडे न पाहता म्हणाले, बहिणीला मी सांगतो. तुम्ही बरोबर या.

बहीण बाकावरच होती. मोठ्या डॉक्टरांनी सोप्या शब्दांत, काही न लपवता सांगितलं. काल जे औषध बंद केलं, ते चुकून बंद केलं, रक्त कुठून काढलं हे न विचारता. आता पुन्हा सुरू केलंय. चोवीस तास वाया गेले, आणि ते त्याला जड जातायत. बहिणीने सगळं ऐकून घेतलं. हातातलं शिवण मांडीवर ठेवलं. मग तिने डॉक्टरांकडे नाही, हळूबाईकडे पाहिलं.

"मग काल तुम्ही हसत का होता?"

हळूबाई म्हणाली, मला वाटलं, मी बरोबर आहे. बहिणीने शिवण पुन्हा उचललं. सुईत दोरा ओवायचा तिने चार-पाच वेळा प्रयत्न केला. हळूबाईने हात पुढे केला, तर बहिणीने शिवण तिच्यापासून दूर ओढलं. हळूबाई आत गेली.

नऊ वाजता रक्तदाबाचा पंप वीसवर गेला. साडेनऊला बावीस. औषध नळीतून उतरत होतं, आणि तिला ते घड्याळाच्या काट्यासारखं हलताना दिसत नव्हतं. तिने बाकीच्या खाटांची कामं केली, कारण ती केलीच पाहिजेत. दोन नंबरचं झोपेचं औषध कमी केलं, नऊ नंबरला एकाच नळीतून जाऊ नयेत अशी दोन औषधं जात होती, ती वेगळी केली. प्रत्येक दहा मिनिटांनी पाय तिला सहा नंबरशी आणून सोडायचे. दहाला तेवीस. नवी सिस्टर घरी गेलीच नव्हती, कपडे बदलायच्या खोलीच्या दारात पर्स कवटाळून उभी होती. मोठ्या सिस्टरने तिला हाकललं नाही, नुसता चहाचा कप हातात दिला. सव्वादहाला चोवीस. शिकाऊ डॉक्टरने थिएटरचा नंबर फोनवर काढून ठेवला. हळूबाईला तो पडदा उजळलेला दिसला.

चोवीस. साडेदहालाही चोवीसच. अकराला चोवीस.

अकरा वाजून वीस मिनिटांनी सहा नंबरच्या सिस्टरने मॉनिटरकडे पाहिलं, मान तिरकी केली आणि पंप तेवीसवर आणला. बोललं तर बिघडेल, अशी सगळ्यांची तऱ्हा. पावणेबाराला बावीस. ताप एकशेदोनवर. बाराला मोठे डॉक्टर आले, पाच मिनिटं पायथ्याशी उभे राहिले आणि म्हणाले, संध्याकाळपर्यंत थांबू. संध्याकाळी म्हणाले, सकाळपर्यंत. थिएटरचा विषय कुणी पुन्हा काढला नाही.

त्या संध्याकाळी घरी मुलीने विचारलं, आज काय बोललीस? ती म्हणाली, कालच्यापेक्षा मोठ्याने बोलले. नवऱ्याने ओळखलं आणि तो एकही विनोद न करता ताट वाढायला उठला. दादाला तिने आपणहून फोन केला, सगळं सांगितलं. दादा म्हणाला, मी असतो तर सांगितलं असतं का गं? त्याने उत्तराची वाट पाहिली नाही.

शुक्रवारी दुपारी ती लाल शाईतलं पान घेऊन उभी राहिली. पान पूर्ण भरलेलं होतं. तिने सगळं वाचलं. कुणाचं नाव त्यात नव्हतं, स्वतःचं सोडून. वाचून झाल्यावर मागच्या रांगेतून नवी सिस्टर उठली, लालबुंद चेहऱ्याने म्हणाली, ते रक्त मी काढलं होतं, आणि खाली बसली. मोठ्या सिस्टरने तिथेच ठरवलं, की यापुढे प्रत्येक नमुन्यावर वेळेबरोबर जागाही लिहायची. जाताना मोठ्या डॉक्टरांनी मॅडमच्या कपाटातली एक जुनी वही काढून चाळली.

मॅडमनी सहा आठवड्यांचा कागद त्याच दिवशी भरला, एक आठवडा आधीच. तिने तो उलटा धरूनच हातात घेतला, मग सुलटा केला. तीन ओळी होत्या. आधी विचारत नाहीत, हे गंभीर आहे. चुकलं तर लपवत नाहीत, तेही सगळ्यांच्या तोंडावर. वर्ष पूर्ण करावं.

बसवाला त्या बुधवारनंतर अकराव्या दिवशी व्हेंटिलेटरवरून सुटला आणि सतराव्या दिवशी साध्या वॉर्डात गेला. छातीत खोकला आणि अंगात पावशेर ताकद. ट्रॉलीमागून बहीण चालली होती, शिवणाची पिशवी काखेत. दारात ती हळूबाईपाशी थांबली. आभार मानले नाहीत, आणि ते बरोबरच होतं. तिने विचारलं, तिकडच्या वॉर्डात असं कुठून काढलं म्हणून विचारणारं कुणी आहे का? हळूबाई म्हणाली, आहे, पण मीही रोज येऊन विचारेन. बहीण म्हणाली, या. आणि ट्रॉलीला गाठायला भरभर निघून गेली.

हळूबाई हे नाव नंतर आपोआप मागे पडलं. आता पार्टिशनच्या पलीकडून हाक येते ती कुठूनबाईंना. परवा पहाटेचा आकडा सांगायला नव्या सिस्टरने फोन केला आणि हिने तोंड उघडायच्या आत एका दमात म्हणाली, "डाव्या दंडातून, औषध उजव्या मानेत, वेळ पाच वाजून दोन मिनिटं, आणि हो, मी स्वतः काढलं. अजून काही विचारायचंय?"

"नाही," ती म्हणाली. "आता आकडा सांग."